आम्हा तिघांची रिग्रेट लेटरं

नोकरी लागली की माणसाकडे एकच किस्सा उरतो. नाही लागली की साचत जातात. ऐंशीच्या आसपास पंचवटीतल्या टायपिंग क्लासमध्ये मी, दिलीप आणि सुधाकर चार वर्षं अर्ज टाइप करत होतो, म्हणजे आमच्याकडे साठा किती असेल बघा!

*

आमच्या गल्लीचे पोस्टमन निवृत्तीभाऊ, दिंडोरीकडचे. पातळ पाकीट म्हणजे नकार, हे त्यांना आमच्याआधी कळायचं. शनिवारी तसं पाकीट आलं की ते सोमवारी द्यायचे. दिलीपने एकदा जाब विचारला, तर म्हणाले, "नकारच हाय त्यो. रविवार कशाला नासवायचा?"

तेव्हापासून शनिवारी ते दारावरून तसेच पुढे गेले की आमचा रविवार नासायला लागला.

*

सगळे अर्ज सुधाकरच्या अर्जावरून उतरवलेले. त्यामुळे एका कारखान्यात तिघांचीही आवड कबड्डी निघाली. सुधाकर खरंच खेळायचा. दिलीप मात्र क्लासचा जिना चढताना दोनदा थांबायचा. मुलाखतीत साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कबड्डीत नेमकं काय करता म्हणून विचारलं.

"मी पंच असतो, सर."

साहेब पोट धरून हसले. नकार आठवड्यात आला.

*

जूनमध्ये सुधाकरला अठ्ठावीस पूर्ण झाली. सरकारी नोकरीचं दार वयानेच बंद झालं. दर वाढदिवसाला त्याची आई शिरा करायची, त्या वर्षी त्याने करू दिला नाही. क्लासलाही येईना. मला त्याची खरंच काळजी वाटायची.

*

ऑगस्टमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात क्लार्कची एक जागा निघाली. सुधाकरचा अर्ज दिलीपनेच टाइप केला आणि घरी जाऊन त्याची सही तेवढी घेतली. मीही अर्ज केला होता. जागा सुधाकरला मिळाली.

रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो सायकलवरून आमच्याकडे आला. आईने चहा टाकला तरी बसेना. खिशातून एक पाकीट काढून त्याने माझ्या हातात दिलं. न निवडलेल्या बेचाळीस जणांना रिग्रेट लेटरं टाइप करायची, हे त्याचं पहिलं काम होतं. त्यातलं एक माझं. ते टपालात टाकवेना, म्हणाला.

मी वाचलं. नेहमीच्या खेदाच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. आपण कमी पडला नाहीत, जागा एकच होती.

"हे साहेबांनी सांगितलं?"

"वरची ओळ त्यांनी सांगितली. खालची मी घातली. सगळ्या बेचाळीस जणांना."

"आणि त्यांनी सही केली?"

"बेचाळीस सह्या करायच्या होत्या. वाचत बसतात होय!"