मी पाळलेलं ग्रहण

प्लेगाने आमची ठाकूरद्वारची चाळ निम्म्याहून रिकामी केली होती. ज्यांना गाव होतं ते गावाला पळाले. मीही बायकोला कोकणात माझ्या आईकडे धाडून दिलं. तिला दिवस गेले होते. आधीचं मूल तीन दिवसांचं होऊन गेलेलं, त्यामुळे या खेपेला माझा जीव मुठीत होता. बोट सुटली, मी खोलीवर परतलो, कंदील लावला आणि आता बोलायचं कुणाशी, ते कळेना. शेजारच्या दोन्ही खोल्यांना कुलपं. मी आपला भिंतीकडे बघत भात गिळला.

एकटा माणूस सभांना फार जातो. आमच्या वाडीत लोकोपयोगी कामं करणारं एक मंडळ होतं. औषधं पोचवायची, ज्याच्या घरी तिरडीला खांदा द्यायला माणूस नाही तिथे जायचं, वाचनालय चालवायचं. मी रोज तिथे जाऊन बसू लागलो. पौषाच्या अमावास्येला सूर्यग्रहण होतं. लोकांना शास्त्र समजावून सांगू या, असं ठरलं आणि गिरगावातल्या एका शाळेत व्याख्यान ठेवलं. व्याख्याते पेन्शनीत निघालेले गणिताचे मास्तर होते. आभार मानायचं काम माझ्याकडे आलं.

मास्तरांनी कंदिलाचा सूर्य केला, नारळाची पृथ्वी आणि सुपारीचा चंद्र. कोकणच्या किनाऱ्यावर सूर्य पुरता झाकेल, भर दुपारी चांदण्या दिसतील, म्हणाले. मुंबईत मात्र एक कोर शिल्लक राहील, उजेड मंदावेल एवढंच. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून विचारलं, "ते सगळं खरं हो, पण गरोदर बाईने ग्रहणात विळी हातात घेतली तर काय होईल?"

"भाजी चिरली जाईल," मास्तर म्हणाले.

सभा खो खो हसली. सर्वांत मोठ्याने मी हसलो. त्याच भरात आभार मानायला उठलो आणि मला काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे! म्हणालो, "माझं कुटुंब या घडीला कोकणात आहे आणि गरोदर आहे. मी आजच पत्र लिहितो, की काही एक पाळू नकोस, अंगणात ये आणि ग्रहण बघ." टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. महिनाभर माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं आणि आता शंभर माणसं टाळ्या पिटत होती. मला ते फार गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

पत्र लिहिलं. कंदिलाच्या फुटक्या काचेवर काजळी कशी धरायची ते लिहिलं. मुंबईत कोर राहील, तुला मात्र पूर्ण दिसेल, हेही मारे मास्तरांच्या थाटात लिहिलं. आणि खाली जोडलं: 'त्याच वेळी मीही इथे वर बघत असेन.' तिला अक्षरओळख मीच करून दिली होती. माझ्या पत्राबाहेर ती जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पत्र पेटीत पडलं आणि माझं पाणी पाणी झालं. शास्त्र खरं, मास्तर खरे, सुपारी खरी. पण ते तीन दिवसांचं पोर माझ्या हातात गार झालेलं होतं, त्याला काय करू? एरवी आमच्याकडे बायकांना त्या वेळात हलू देत नाहीत. कापणं नाही, चिरणं नाही, अंग खाजवणं नाही, पाण्याचा घोट नाही. या वेळी तिला पाळू न देणारा मीच.

ग्रहणाच्या दिवशी मंडळाची सगळी माणसं काचा घेऊन चौपाटीवर निघाली. मला हाक मारायला आली. ताप आहे म्हणायची सोय नव्हती, लगेच सरकारी माणसं उचलून इस्पितळात नेत. दाढ दुखते म्हणालो. ती गेल्यावर दाराला कडी घातली, खिडकीला धोतर लावलं आणि चटईवर उताणा पडलो. तिने पाळायचं ते तिच्यासाठी मी पाळलं. स्पर्शापासून मोक्षापर्यंत हाताचं बोट हलवलं नाही. नाकावर माशी बसली, तिला बसू दिलं. घसा कोरडा पडला. धोतराआडचा उजेड मंदावला, कावळे ओरडायला लागले, गल्लीतून "दे दान, सुटे गिऱ्हाण" अशी आरोळी आली आणि मी न पाहिलेल्या त्या पोराला मनातल्या मनात सांगत होतो, बाबा रे, टिक.

दहा-बारा दिवसांनी तिचं पत्र आलं. 'सासूबाईंनी अबोला धरला आहे. पण तिकडून लिहिणं झालं म्हणून मी अंगणात एकटी उभी राहिले. सगळी दारं लावून आत होती. एकदम काळोख झाला, चांदण्या निघाल्या, कोंबड्या खुराड्यात शिरल्या. मीही आत पळणार होते. पण म्हटलं, तिकडूनही या घडीला वर बघणं चालू आहे. मग मी धीर धरला.'

वैशाखात मुलगी झाली. धडधाकट, आवाजाने घर डोक्यावर घेणारी. दिवाळीनंतर दोघी मुंबईला आल्या. पहिल्याच संध्याकाळी पोरीला मांडीवर थोपटत तिने विचारलं, "इकडून पाहणं झालं तेव्हा कसं दिसलं?"

मी काय सांगणार, कपाळ! कोकणातल्या ग्रहणाची हकीकत वर्तमानपत्रात वाचली होती, तीच ठोकून दिली. काळोख झाला म्हणालो, चांदण्या दिसल्या म्हणालो, आमच्या चौपाटीवरची माणसं भेदरली म्हणालो. ती हरखून ऐकत होती. मग तिचा थोपटणारा हात थांबला.

"इथे तर कोर राहणार होती ना?" ती म्हणाली. "इकडूनच लिहिणं झालं होतं."

तुझ्यासाठीच दाराला कडी लावून पडलो होतो, एवढं सांगायचं होतं. पण तिला अंगणात धाडून आपण आत दडलो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? ती रागावली नाही. रागावली असती तर मी सगळं ओकून टाकलं असतं. "असो," म्हणाली आणि पोरीला थोपटू लागली. पुढे आमचा संसार छान झाला, पण ग्रहणाचं तिने पुन्हा कधी विचारलं नाही. त्या दिवशी अंगणात आपल्या जोडीला कुणीच नव्हतं, हे तिला कळलं होतं. आता ती नाही, आणि हे मी कागदाला सांगत बसलो आहे.