सर्वानुमते

मी ग्रामसेवक होतो. माण तालुक्यातल्या एका गावात मी लिहिलेला ग्रामसभेचा एक ठराव खोटा आहे. हे आता, बहात्तराव्या वर्षी, लिहून ठेवतो आहे.

ग्रामसभेला माणसं जमत नसत. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. येईल त्याची सही आधी घ्यायची, उरलेल्या सह्या शिपायानं घरोघर फिरून आणायच्या आणि ठराव मागाहून, सवडीनं, वरच्या कोऱ्या जागेत लिहायचा. यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तालुक्याहून पत्र आलं. हवामानबदलाबाबत देशाचं धोरण ठरतं आहे, परदेशातल्या परिषदेत बाजू मांडायची आहे, तरी लोकांचं म्हणणं घेऊन पाठवावं. सोबत लोकांचं म्हणणंही टाइप होऊन आलं होतं. गावाच्या नावाची तेवढी जागा मोकळी होती.

सभेला अकरा जण आले. त्यांत वस्तीवरची एक मेंढपाळ बाई होती, विधवा, चाळिशीची. दारातच शिपायानं तिचा अंगठा घेतला. सरपंच हसून म्हणाले, "तुमी कशाला आलाय? हितं परदेशाचं काम चाललंय."

"मग तिथली मेंढरं काय खात्यात, तेबी इचारून घ्या," ती म्हणाली.

लोक हसले. ती मात्र बोलतच राहिली. पाऊस कसा मागं सरकलाय, कळप खाली नदीकाठच्या रानात कवा न्यायचा ते आता का उमगत नाही, गायरान का राहिलं पाहिजे. मी पेनाचं टोपणही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी आलेला मजकूर उतरवून काढला: गायरानावर वृक्षलागवड करण्यास ग्रामस्थांची सर्वानुमते संमती आहे.

दीड वर्षानं गायरानाला तारेचं कुंपण पडलं. मी निवृत्त झालो होतो, पण वस्तीवरच्या लोकांनी जाब विचारताना मलाही बोलावून घेतलं. नव्या ग्रामसेवकानं ठराव दाखवला. तिच्या थोरल्या दिरानं अंगठ्यापुढचं नाव वाचून घेतलं.

"म्हंजे आमच्याच घरातनं गेलं म्हना की!"

"मी आसं म्हनले न्हवते. भाऊसाहेबांना इचारा," ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे वळले. पेन्शनचे कागद अजून मंजूर व्हायचे होते. मी म्हणालो, "कागदावर आहे ते आहे."

त्याच आठवड्यात दिरानं तिची मेंढरं कळपातून वेगळी काढली.

गेल्या हिवाळ्यात ती मला दिसली. आष्ट्याजवळ माझ्या मूळ गावी, घरामागं एका शेतात, ऊस तुटून गेल्यावर, तिची मेंढरं खतासाठी बसवली होती. जेमतेम पंधरा-वीस. मी घरी येऊन सगळं कबूल करणारा जबाब लिहिला आणि तिला वाचून दाखवला. तिचा झाडं लावायला विरोध होता, असं मी त्यात लिहिलं होतं.

"आवं, झाडाला कोन न्हाई म्हनलं?" ती चिडली. "बांदावर लावा, वड्याला लावा म्हनले व्हते. चरायची जागा तेवढी सोडा म्हनले."

मी खोडून पुन्हा लिहिलं. जिल्ह्याला पाठवतो म्हणालो.

"त्यांच्याकडं मागनं धाडा. आदी वस्तीवर वाचा."

पावसाळ्याला कळप माघारी आले, तेव्हा वस्तीवर जाऊन वाचलं. देवळापुढं पुरुष बसले होते. दीर वारला होता. त्याचा मुलगा पुढं होता. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आमचा बा हिच्या हातचं पानी न घेता मेला," तो म्हणाला. "तवा कुटं व्हता तुमी?"

ती लांब मेंढरांपाशी उभी होती. मी निघेपर्यंत तिला कुणी जवळ बोलावलं नाही.