शाकाहारी माणसाची शिशाची वजनं

आमच्या अल नहदाच्या बिल्डिंगमधला उपेंद्र गोगटे अंडंसुद्धा खात नाही, पण गळाला बांधायची शिशाची वजनं त्याच्याइतकी सुरेख अख्ख्या शारजात कोणी ओतत नसेल.

एकदा तो समुद्रावर फिरायला गेला होता. फहद नावाचे एक स्थानिक गृहस्थ मासे धरत होते आणि त्यांच्या गळाचं वजन दर वेळी लाटेबरोबर गडगडत जाऊन खडकात अडकत होतं. फहद शांत होते, राहवेना ते उपेंद्रला. वाईट बनवलेली वस्तू दिसली की याला चैन पडत नाही. घरी येऊन त्याने प्लॅस्टरचा साचा केला. तो नीट वाळला नव्हता, त्यामुळे तापलेलं शिसं आत पडताच सगळं फाडकन उडालं. बाल्कनीचा पडदा जळला, भुवई थोडक्यात वाचली. मग अजमानच्या एका वर्कशॉपमधून त्याने अ‍ॅल्युमिनियमचा साचा कोरून घेतला. वजनाचं पोट चपटं, म्हणजे ते वाळूत लोळायला नको. वर पावडर कोटिंग! हा खिडक्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, रंगाची उरलीसुरली पावडर मिळायची. वजनं पावडरीत घोळवायची आणि बाल्कनीतल्या जुन्या टोस्टर ओव्हनमध्ये भाजायची. त्याच्या बायकोने, सुहासिनीवहिनींनी, तो ओव्हन घरात मात्र घेऊ दिला नाही.

फहद खूश झाले. दर शुक्रवारी पहाटे दोघं समुद्रावर जायचे आणि निघताना फहद एक मासा उपेंद्रच्या हातात ठेवायचे. इतक्या वर्षांत या देशात त्याला मिळालेला हा एकच जिवाभावाचा मित्र. मासा नाकारला तर मित्र जाईल, या भीतीने त्याने खरं कधी सांगितलंच नाही. मासा लिफ्टने थेट आमच्या घरी यायचा. मी तो कर्तव्यबुद्धीने खायचो आणि पुढच्या शुक्रवारसाठी उपेंद्रला कौतुक पढवायचो. "सांग, शेपटीकडचा भाग काय लागला!" बापडा तसंच सांगायचा. वर्षभर उत्तम चाललं होतं.

मग एकदा फहद म्हणाले, "इस जुम्मा तुम्हारे घर आएगा. बड़ा हामूर लाएगा. साथ में खाएगा."

उपेंद्र पांढराफटक पडला. "विलास, आता सगळं खलास रे!"

"भाऊजी, मासा माझ्या गॅसवर चढणार नाही," वहिनींनी मला बजावलं. शुक्रवारी फहदनी पहाटेच तो हामूर मासा उपेंद्रच्या हाती दिला. मग माझ्या बायकोने, वीणाने, आमच्याकडे त्याचं आमसुलं घालून कालवण केलं आणि मी पातेलं घेऊन गोगट्यांकडे गेलो. जेवायला थांबलो, हे वेगळं सांगायला नको.

फहदनी मासळीचा सगळ्यात मऊ तुकडा स्वतःच्या हाताने काढून उपेंद्रच्या ताटात ठेवला. उपेंद्र त्या तुकड्याकडे बघत राहिला. आता हा खाणार, असं मला वाटलं आणि त्याची फार दया आली.

"फहदभाई," तो म्हणाला, "मैं मछली नहीं खाता. कभी नहीं खाई. माफ करना. लगा, बोलूंगा तो आप बुलाना बंद करेंगे."

फहदनी हातातला घास खाली ठेवला.

"एक साल," ते म्हणाले. "तो मेरा मछली कौन खाया?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं तोंड भरलेलं होतं.

फहद एवढे हसले की त्यांना ठसका लागला. उपेंद्रच्या ताटातला तुकडा उचलून त्यांनी माझ्या ताटात टाकला. "ये आखरी!" मग उपेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हबीबी, मछली के लिए थोड़ी बुलाता है? जुम्मा को वही जगह. यल्ला!" उपेंद्रचे डोळे भरून आले. माझेही आले, पण कारण वेगळं होतं.

हल्ली शुक्रवारी फहद त्याला खजूर देतात. खजूर उपेंद्र स्वतः खातो.