दोन बोटांचा कॉर्ड

तिला सगळेच ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणायचा ते ठीकच, पण जिन्यातले शेजारी, औषधाच्या दुकानातला माणूस, टाइप करायला मसुदे पाठवणारे साठीचे वकीलसुद्धा ताईच म्हणत. तिचं वय अठ्ठेचाळीस. पाच वर्षांपूर्वी आईची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि बोलण्यातला एकच शब्द मागे उरला: नको. पाणी हवं असलं तरी नको, कूस बदलायची तरी नको. कुठल्या नकोचा अर्थ काय, हे फक्त ताईला कळायचं आणि तिथेच तिचा पाय रुतला. सांभाळायला एकामागून एक चार बायका ठेवून पाहिल्या, चौघींनीही हात टेकले. शेवटी ताईने विमा कार्यालयातली नोकरी सोडली आणि घरूनच मसुदे बडवायला सुरुवात केली.

भाऊ दूरदेशी होता. दर रविवारी फोन करून न चुकता म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." हे कौतुक ऐकलं की कुणीतरी बाहेरून दाराला कडी घातल्यासारखं ताईला वाटायचं.

आईच्या हाताला व्यायाम द्यायला आठवड्यातून तीनदा फिजिओ यायचा. चाळिशीचा, बडबड्या माणूस. एकदा कपाटावरची शेकायची पिशवी काढताना त्याला भावाची इलेक्ट्रिक गिटार दिसली, अंगावर बोटभर धूळ घेऊन पडलेली. आपण मित्रांबरोबर अजून वाजवतो, असं म्हणत त्याने ती फडक्याने पुसली, सुरात लावली आणि सरळ ताईच्या मांडीवर ठेवली. या वयात हे काय खूळ, असं ती म्हणाली खरी, पण गिटार खाली ठेवली नाही.

"दोनच बोटं लागतात," तो म्हणाला. पहिलं बोट सगळ्यात जाड तारेवर, गिटारच्या दांडीवरच्या पाचव्या पट्टीत, तिसरं बोट शेजारच्या तारेवर सातव्या पट्टीत. बाकीच्या तारांना पहिल्या बोटाची कूस नुसती टेकवायची, म्हणजे त्या गप्प राहतात. एकदम वाजणाऱ्या सुरांच्या या जोडीला पॉवर कॉर्ड म्हणतात. बोटांची ठेवण तीच राहते, हात पुढेमागे सरकवला की झाला दुसरा कॉर्ड.

"आणि यात सुखाचा सूर नाही, दुःखाचाही नाही," तो म्हणाला. "जो ते ठरवतो, तो मधला सूरच काढून टाकलेला असतो."

"मग बरंय," ताई म्हणाली.

पहिले पंधरा दिवस नुसती खडखड झाली. बोटांच्या पेरांवर चरे पडले, टाइप करताना झोंबायला लागले. आईने नको म्हणू नये म्हणून ती आवाज मोठा करणारा भावाचा अँप न लावता, स्वयंपाकघराचं दार लोटून वाजवायची. गप्प राहायला हव्या त्या तारा बोलायच्या आणि बोलायला हव्या त्या गप्प राहायच्या. दीड महिन्याने पाचवी, तिसरी आणि पहिली पट्टी, असे तीन कॉर्ड न अडखळता जमू लागले. मग फिजिओनेच सुचवलं की रविवारी दुपारी आम्ही बंद पडलेल्या छापखान्यात जमतो, या तुम्ही.

ताईने समोरच्या काकूंना दोन तासांसाठी आईजवळ बसवलं, कागदावर सतरा सूचना लिहून ठेवल्या आणि पाठीला गिटार अडकवून निघाली. छापखान्यात अँप लावून तिने पहिला कॉर्ड ओढला, तेव्हा तो फरशीतून तिच्या पोटऱ्यांत शिरला. पुढे ती दोनदा चुकली. ड्रमवर बसलेला बँकेतला कॅशियर थांबला नाही, म्हणून तीही थांबली नाही. मान वर करून पाहिलं तर सगळे आपापल्या वाद्यात गुंग, आणि कुणीही तिला नको म्हणत नव्हतं, कुणाला तिच्याकडून काही हवंही नव्हतं.

विसाव्या मिनिटाला काकूंचा फोन आला. ती सारखी नको नको करतेय, मला मेलीला काही कळेना. ताई धापा टाकत घरी पोचली. आईच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. ताईने पडदा ओढला आणि आई झोपली.

त्या संध्याकाळी भावाचा फोन आल्यावर ताईने पहिल्यांदाच मागणं मागितलं. एक महिना ये, आईजवळ राहा.

"ताई, तिचं नको मला कुठे कळतं?"

"मलाही कळत नव्हतं. शिकले."

बघतो, रजेचं विचारतो, असं म्हणून त्याने हवापाण्याचा विषय काढला. तो आला नाही. पुढच्या रविवारी काकूंनी गुडघ्याचं कारण सांगितलं. छापखान्यातल्या मंडळींनी आणखी तीन रविवार वाट पाहिली आणि मग दुसरा गडी शोधला. हे सांगताना फिजिओची मान खाली होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ताईने आईच्याच खोलीत अँप जोडला आणि आवाज वाढवून कॉर्ड ओढला. आई दचकली. "नको," ती म्हणाली. मग पुन्हा, जोरात. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्या शब्दाचा अर्थ सरळ होता.

"मलाही पुष्कळ काही नको होतं, आई," ताई म्हणाली, आणि तिने तिन्ही कॉर्डांची ओळ चार वेळा पुरी केली. मग अँप बंद करून तिने आईची कूस बदलली, पाठीला पावडर लावली.

आता रोज दुपारी अर्धा तास हेच चालतं. आई भिंतीकडे तोंड करून पडते, ताई वाजवते. अर्धा तास संपला की वकिलांचा मसुदा पुढे ओढते.