पालथी कोनशिला

पाथरवटाला सगळे छिन्नी म्हणत ते त्याच्या जिभेमुळे. दुकानात कुणी पेपर उघडला, की दगडावरची नजर न काढता हा सुरू. "काय म्हणतायत? राज्यवाले म्हणतायत, पैसा केंद्राने अडवला. केंद्रवाले म्हणतायत, राज्याने प्रस्तावच पाठवला नाही. मेल्यांनो, एकमेकांकडे बोटं दाखवण्यातच तुमची हयात जायची!"

त्याची तळपायाची आग मस्तकात जायला कारण होतं. बायकोच्या किडन्या गेलेल्या. दिवसाआड रक्त शुद्ध करून घ्यायला शहरात जायचं. बसथांब्यावर टेकायलासुद्धा काही नाही. परतताना ती पिळून टाकलेल्या फडक्यासारखी दिसायची. बाजारामागच्या मोकळ्या जागेत दवाखाना होणार, तिथे मशीन येणार, असं कळलं तेव्हा गडी हरखला होता. राज्याच्या मंत्र्याच्या हातून पायाभरणी होती. त्या कोनशिलेवर त्याने जीव ओतून अक्षरं कोरली, सोनेरी रंग भरला. पायाभरणी झाली. मग एक वीटही पडली नाही.

काही महिन्यांनी खासदाराचा पीए तीच शिळा टेम्पोत घालून दारात हजर.

"काका, योजना मुळात केंद्राची. आमचे मंत्री पुन्हा पायाभरणी करणार. दगड चांगला आहे, मागून कोरा."

"लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला?" छिन्नी म्हणाला. पण कोरली. कुणाच्या का नावाने होईना, बायकोची फरफट थांबली म्हणजे झालं.

शिळा पालथी करून कोरली, की जुनी बाजू सिमेंटने लिंपून द्यायची, हा त्याचा शिरस्ता. पण नेमकं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बायकोला शहरात न्यायचं होतं. लिंपायचं राहून गेलं. सकाळी गवंडी आला आणि जी बाजू जास्त देखणी, ती पुढे ठेवून त्याने शिळा कार्यक्रमापुरत्या उभारलेल्या भिंतीत बसवली.

केंद्राच्या मंत्र्याने पडदा ओढला. आत राज्याच्या मंत्र्याचं नाव लखलखत होतं.

मग काय विचारता! "हे राज्याचं कारस्थान आहे!" मंत्री माईकवर कडाडला. मागे उभे राहिलेले राज्यवाले हसत सुटले. खुर्च्या उडाल्या. गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या.

पहिल्या रांगेतून बायकोने विचारलं, "अहो, दवाखान्याचं काय म्हणाले?"

"दवाखान्याचा दसुद्धा काढला नाही गं त्यांनी."

त्याच दिवशी त्याने गवंड्याला हाताशी धरून पहारीने शिळा उपटली, हातगाडीवर घातली आणि बसथांब्यावर विटांवर आडवी टाकली. बायको टेकली. "वर कोण आहे?"

"राज्य. केंद्र खाली."

"कुणी का असेना, गार लागतंय." त्याने खांद्यावरचा पंचा घडी करून तिच्याखाली सरकवला.

निवडणूक जवळ आली आणि पीए पुन्हा उगवला. तोंडभर हसू. "काका, राज्य-केंद्राचं जमलं आता! युती झाली. दोघांचीही नावं एकाच शिळेवर हवीत. ती जुनी कुठाय? घासून घेऊ."

"दवाखाना?"

"होईल हो. आधी शिळा तर लागू दे."

छिन्नीच्या हातातला हातोडा थांबला. "चल, दाखवतो," एवढंच म्हणून तो पुढे चालू लागला.

थांब्यावर बायको बसली होती, डोळे मिटून. आता तिला चालत यायलाही त्रास व्हायचा, म्हणून तो तिला आधीच आणून बसवत असे. पीए खाली वाकला, वितीने शिळेची लांबी मोजू लागला. तेवढ्यात बस आली. बायको उठायला गेली, पण पाय उचलेनात. समोर माणूस दिसला म्हणून तिने हात पुढे केला. "जरा धर रे बाबा."

पीएची वीत अजून दगडावरच होती. "एक मिनिट हं, मावशी."

छिन्नी ओरडला तेव्हा बसमधली माणसंही खिडक्यांतून बघायला लागली. "अरे भाडखाऊ, दगड सोड! आधी माझ्या बायकोला उचल!"