भरती न येणारा समुद्र

२००४ साली मी चोपन्न वर्षांचा होतो, आणि सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या कँपात माझ्या खालच्या खाटेवर जो वेल्डर झोपायचा, त्याच्याइतका समुद्रकिनारे फिरलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. गडी माण तालुक्यातला, दुष्काळी मुलखाचा. खरा समुद्र त्याने एकदाच पाहिला, विमानाच्या खिडकीतून, तोही अर्धा ढगाआड.

एक गोरा इंजिनिअर नोकरी सोडून जाताना भूमध्य समुद्राकाठच्या कुठल्याशा गावाचं चित्रांचं पुस्तक टाकून गेला. ते याने उचललं, मल्याळी स्टोअरकीपरकडून हिंदीत वाचून घेतलं आणि पाठ केलं. मग दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, हा खोलीबाहेर वाळवंटाकडे तोंड करून खुर्ची टाकायचा आणि आम्हा आठ जणांना तिथं फिरवायचा. पांढऱ्या गोट्यांचा बीच, संत्र्याच्या झाडांचा रस्ता, तळाला काच असलेली होडी. डोंगरावर किल्ला होता. पण आठवडाभर लोखंडी पाइप ओढून कंबर धरलेल्याला तो पायऱ्या चढू द्यायचा नाही. "तुमी तारेच्या पाळण्यानं या, मामा," म्हणायचा. घरून वाईट फोन आलेल्याला मागच्या, बिनगर्दीच्या बीचवर न्यायचा, आणि तिथं पोचलं की स्वतः एक शब्द बोलायचा नाही.

मी शिकलो चौथी, पण वाढलो रत्नागिरीकडच्या खाडीवर. मला हे सोसेना. एका शुक्रवारी मी चित्रातल्या खुर्च्यांवर बोट ठेवलं. पाण्याला अगदी चिकटून मांडलेल्या होत्या.

"भरती आली की ह्या उचलतं कोण?"

"तिथं भरती येत न्हाई, तात्या. सकाळी पाणी जिथं, सांजच्यालाबी तिथंच."

"तुझ्या गावात विहिरीला पाणी नाही, आणि मला समुद्र शिकवतोस? खोटारडा आहेस. पुस्तकही खोटं."

सगळे हसले. त्याने पुस्तक मिटून गादीखाली सारलं. पुढे तीन महिने खुर्ची बाहेर गेली नाही. वर-खाली झोपत होतो, बोलत नव्हतो. मला वाटायचं, जिंकलो. खोलीतले लोक मात्र सुट्टीदिवशी भिंतीकडे तोंड करून पडू लागले.

त्याचं काँट्रॅक्ट संपलं, कायमचं गावी जायचं ठरलं. आदल्या दिवशी साइटवर जेवताना मी इजिप्तच्या मिसरी क्रेनवाल्याला सहज विचारलं, तुमचा समुद्र भरतीला कुठवर चढतो. तो इस्कंदरियाचा, म्हणजे त्याच भूमध्य समुद्राच्या काठचा. त्याने वीतभर हात दाखवला. "बस, इतना. खलास."

माझा घास तसाच राहिला. माफी मागायची सवय मला नाही, आजही नाही. संध्याकाळी तो बॅग भरत होता आणि मी वर पाठ फिरवून पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याची गाडी यायच्या आधी, मी दोन खुर्च्या उचलल्या आणि ओटा संपून वाळू लागते तिथं, अगदी काठाला लावून ठेवल्या. सगळे दारात उभे राहून बघत होते. मी मोठ्याने विचारलं, "वेल्डर, इथं ठेवल्या तर चालेल ना? पाणी येणार नाही?"

त्याने बॅग खाली ठेवली. "न्हाई येत, तात्या."

मग गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत आम्ही दोघं त्या मागच्या, बिनगर्दीच्या बीचवर बसलो.