कागदावर नसलेली दाढ

प्रभावती लहानपणापासून जरा हरवलेलीच. हातात काम आणि नजर भलतीकडे. लग्न होऊन शारजात आली. नवरा परेश हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. मुलगी अस्मी शाळेत जायला लागली तशी घरातली दुपार संपेनाशी झाली. बाहेर उन्हात विरघळल्यासारख्या इमारती, आणि ही खिडकीत. शेवटी शहरातल्या रोल्ला भागात एका डेंटल क्लिनिकमध्ये इन्शुरन्सच्या टेबलावर तिला नोकरी लागली.

काम शिकवायला बिलकीस होती, हैदराबादची. दातावरच्या प्रत्येक उपचाराला एक कोड असतो, शेजारी दाताचा नंबर. डॉक्टरांनी काय केलं, कुठे केलं, ते विमा कंपनीला तेवढ्यावरून कळतं. आकडे पाठ करता करता प्रभावती रडकुंडीला आली.

"रटना नहीं, प्रभा," बिलकीस म्हणाली. "आँखें बंद कर. दो से शुरू, तो दाँत भरा. तीन, तो जड़ में उतरे. सात, तो निकाल दिया."

प्रभावतीने डोळे मिटले. आकडे हलले. दोनाच्या आड कुणीतरी हलक्या हाताने खळगा बुजवत होतं. तिनाच्या आड अरुंद बोळातून कुणी दिवा घेऊन खाली उतरत होतं. सातापाशी नुसती मोकळी जागा. पाठांतर तिथेच सुटलं. घरी भाजी ढवळतानाही ती त्या बोळातून फिरायची. अस्मी म्हणायची, "मम्मा, यू आर ड्रीमिंग अगेन."

एकदा रामचंद्र नावाचा वेल्डर आला. देवगडकडचा. गाल सुजलेला. डॉक्टर कशफ यांनी खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल सांगितलं आणि सूज उतरायला औषध दिलं. प्रभावतीने विमा कंपनीकडे मंजुरी मागितली. उत्तर आलं: नामंजूर. ही दाढ पूर्वीच काढलेली आहे.

रामचंद्रला तिने ते सांगितलं, तेव्हा त्याने सुजलेल्या गालाला हात लावून पाहिला.

"दाढच नाय म्हंतत? मग ताई, दुखतंय ता काय?"

तिला हसू आलं नाही. नसलेल्या दाढेचं दुखणं घेऊन समोर बसलेला हा माणूस तिला क्षणभर धुक्यात उभा असल्यासारखा दिसला. तिने डोळे मिटले आणि त्याच्या तोंडाचा नकाशा मनात मांडला. उजवीकडे दुखरी दाढ. मग साताची ती मोकळी जागा कुठे?

"दादा, तुमची कुठली दाढ काढलीय का आधी?"

"काढली ना. मागे, दुसऱ्या दवाखान्यात. ही डावीकडची."

तिने डोळे उघडले. दाताचा नंबर पेशंटच्या बाजूने मोजायचा असतो. त्या दवाखान्यात कुणीतरी त्याच्यासमोर उभं राहून स्वतःचा उजवा हात तोच त्याचा उजवा समजलं होतं. आरशात उलटं दिसतं तसं. डावीकडची दाढ गेली होती आणि कागदावर उजवीकडची.

"बिलकीस, ये देखो," तिने एक्सरे प्रकाशापुढे धरला. काळ्या पाण्यात दाढ पांढरीशुभ्र उभी होती, मुळांसकट.

"है तो सही बेचारी," बिलकीस म्हणाली. "लिख दे. इन्शाल्ला मान जाएँगे."

प्रभावतीने कोड तोच ठेवला, एक्सरे जोडला, डॉक्टर कशफ यांच्याकडून डाव्या रिकाम्या जागेबद्दल चार ओळी घेतल्या आणि पुन्हा पाठवलं. पुढचे दिवस ती मनातल्या मनात त्या दाढेशी बोलायची. थांब गं, येतील दिवा घेऊन. मंजुरी आली तेव्हा तिने स्वतः रामचंद्रला फोन केला.

"म्हणजे कागदावर आता आसा म्हणा ती," पलीकडून आवाज आला, आणि तो पोटभर हसला.

उपचार झाले, दाढेवर कॅप बसली. नंतर एका शुक्रवारी संध्याकाळी परेश आणि अस्मीबरोबर रोल्लाच्या मैदानातून जाताना तिला तो दिसला. मित्रांच्या घोळक्यात गवतावर बसून भाजलेलं कणीस खात होता. तिला पाहून त्याने हात वर केला, उजव्या गालावर बोट टेकवलं आणि मान डोलावली.

"हू इज ही, मम्मा?" अस्मीने विचारलं.

"ज्यांची दाढ कागदावर हरवली होती, ते," प्रभावती म्हणाली. खाडीवरून दमट वारा येत होता. कबुतरांचा थवा उठला, सोनेरी धुळीत वळला, आणि ती वर बघतच राहिली.